तरुणपणी हृदय थकतं तेव्हा

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)



संयोजकांनी मला 'आरोग्य' या विषयावर वीस मिनिटं दिली आहेत. आपण सगळे पन्नाशी ओलांडलेले, तेव्हा गुडघे, साखर आणि कोलेस्टेरॉल यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असणार. त्यावर तुम्हाला रोज सकाळी आपल्या ग्रुपवर भरपूर ज्ञान मिळतं, त्यातलं निम्मं चुकीचं असतं, पण ते असो. मी आज विषय बदलला आहे. मी तरुण माणसाच्या हृदयाबद्दल बोलणार आहे, आणि त्याला कारण आपल्या वर्गातलाच एक जण आहे. आज तो इथे नाही. त्याचं नाव मी घेणार नाही, डॉक्टरने रुग्णाचं नाव घेऊ नये. तुम्हाला ते कळेलच. वहिनींना विचारून बोलतोय. त्या म्हणाल्या, "एकदा सगळ्यांना नीट कळू दे."

नीट कळण्याची गरज आहे, कारण गेली चौदा वर्षं आपल्यात दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, तो अटॅकने गेला. दोन, 'पुण्याला जाऊन प्यायला लागला होता.' दोन्ही खोट्या आहेत. त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ होत्या, अँजिओग्राफीच्या वेळी मी स्वतः उभा होतो. आणि दारूचं म्हणाल तर आपल्या वर्गातल्या ज्यांच्याविषयी तशी चौकशी व्हायला हवी, ते सगळे आज दुसऱ्या रांगेत धडधाकट बसलेत.

आधी शब्दाबद्दल. आपल्याकडे 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला. त्यामुळे मी नातेवाइकांना 'हार्ट फेल्युअर आहे' असं सांगितलं की बायका रडायलाच लागतात, आणि पेशंट पलंगावर बसून आमच्याकडे बघत असतो. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नाही. शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलण्यासाठी त्याला आत फार दाब सोसावा लागतो, आणि मागे रक्त तुंबतं. हे काही तासांत किंवा दिवसांत उसळून वर आलं की त्याला अक्यूट म्हणायचं.

आठवीत बाईंनी फळ्यावर लाल आणि निळ्या खडूने हृदय काढलं होतं, आठवतं? चार कप्पे, चार झडपा. त्यात आता गणिताच्या सरांना आणू. हृदय मिनिटाला साधारण ७० वेळा ठोके देतं, आणि दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. सत्तर सत्ते... सर बघताहेत, मी थेट उत्तर सांगतो. ४,९०० मिलिलिटर. मिनिटाला पाच लिटरच्या आसपास. डाव्या कप्प्यात १२० मिलिलिटर रक्त भरतं असं धरलं तर त्यातलं ७० बाहेर जातं, म्हणजे ५८ टक्के. तुम्ही ज्याला 'पंपिंग' म्हणता ते हेच. रिपोर्टवर ६० टक्के बघून घाबरणारे बरेच असतात, त्यांना वाटतं चाळीस टक्के बिघडलं. तसं नसतं. शंभर टक्के कोणाचंच नसतं.

आता नेहमीचा अक्यूट हार्ट फेल्युअरचा पेशंट कसा असतो ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. पंचाहत्तरीचे आजोबा. बीपी वीस वर्षांचं, साखर आहे, किडनी थोडी मंद. नातवाच्या लग्नात लोणचं, पापड, दोन वेळा मठ्ठा. रात्री दोन वाजता दरदरून घाम, श्वास लागलेला, छातीत बुडबुडे, बीपी २००. बऱ्याचदा त्यांच्या हृदयाचं पंपिंग चांगलं असतं, भिंती तेवढ्या ताठर झालेल्या असतात. ऑक्सिजन, लॅसिक्सचं इंजेक्शन, बीपी उतरवणारं औषध, आणि सकाळी आजोबा चहा मागतात. हे चित्र बघताक्षणी ओळखता येतं. घरचेसुद्धा ओळखतात.

तरुण माणसात यातलं जवळपास काहीच नसतं. आधीचा आजार नाही, बीपी वाढलेलं नाही, उलट कमी. बहुतेकदा हा त्याचा आयुष्यातला पहिलाच झटका असतो. आणि तो हृदयाच्या दारातून येतच नाही, पोटाच्या किंवा घशाच्या दारातून येतो.

२००७ चा ऑगस्ट. मी साताऱ्याला प्रॅक्टिस करत होतो, तो पिंपरीला कारखान्यात होता. वय ३३. त्याचा फोन आला. जेवण जात नाही, दोन घासांत पोट गच्च होतं, मळमळतं, रात्री कोरडा खोकला येतो. मी विचारलं, शिफ्ट कोणती? म्हणाला, रात्रपाळी. मी म्हटलं, पित्त आहे तुझं, चहा कमी कर. एक गोळी सांगितली. सगळा मिळून दोन मिनिटांचा फोन.

शाळेत कबड्डीला हा चढाईला गेला की आपण मोजायला लागायचो, एवढा त्याचा दम. पसरणीचा घाट सायकलवरून न उतरता चढणारे आपल्यात दोनच, त्यातला हा एक. अशा माणसाला दम लागतोय हे माझ्या मनातच आलं नाही. मी विचारलंच नाही.

त्या वर्षीच्या गणपतीत तो वाईला आला होता. आपण सात-आठ जण घाटावर भेटलो होतो. पायऱ्या चढताना तो मधेच बसला. कोणीतरी म्हणालं, "सुटलास की रे!" आणि आपण सगळे हसलो. मीही हसलो, आणि माझ्या गाडीत तेव्हा स्टेथोस्कोप होता.

त्याच्या आईच्या मात्र लक्षात आलं होतं. पोरगा झोपताना भिंतीला टेकून बसतो, आडवा झाला की खोकतो आणि उठून खिडकीशी जातो. हे एवढं एक लक्षण कोणी मला फोनवर सांगितलं असतं, किंवा मी विचारलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं. आडवं पडल्यावर पायांतलं रक्त छातीकडे येतं, थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही, फुप्फुसं जड होतात. दमेकऱ्यालाही रात्री त्रास होतो, म्हणून गोंधळ होतो. पण आयुष्यात कधी दमा नसलेल्या तिशीच्या माणसाला एकाएकी 'दमा' सुरू झाला, तर औषधाचा फवारा देण्याआधी हृदयाकडे बघावं.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी रात्री दोनला वहिनींचा फोन आला. पहाटे त्याला साताऱ्याला आणलं. नाडी १२४. बीपी ९० आणि ७०. हातपाय गार, ओठ निळसर, मानेच्या शिरा टरारलेल्या, यकृत सुजून बरगडीखाली चार बोटं आलेलं. पण फुप्फुसात आजोबांसारखे बुडबुडे जवळपास नव्हते, पायांवर सूज नावापुरती. हृदयाचा आवाज दोनऐवजी तीन ठोक्यांचा, घोड्याच्या टापांसारखा. एको केला. पंपिंग २० टक्के.

२० टक्के पंपिंगवर हा माणूस आठवड्यापूर्वी रात्रपाळी करत होता. कसा? तेच गणित पुन्हा करू. दर ठोक्याला ७० ऐवजी ३५ मिलिलिटर निघत असेल, आणि नाडी १२० असेल, तर मिनिटाला ४,२०० मिलिलिटर होतात. म्हणजे बसल्या जागी काम भागतं. तरुण शरीर असं महिनोन्‌महिने निभावतं. हृदय पसरतं, नाडी वाढते, हातपाय, आतडी आणि किडनीकडचं रक्त कमी करून ते मेंदूकडे वळवलं जातं. फुप्फुसातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्याही हळूहळू जास्त काम करायला शिकतात, म्हणून आला लावून ऐकलं तरी छाती स्वच्छ वाटते. घरात कमावता माणूस आजारी पडला आणि बाई दागिने मोडून, उसनवारी करून घर चालवत राहिली, शेजाऱ्याला पत्ता लागू दिला नाही, तसं. मग एक साधा सर्दी-ताप येतो, नाहीतर दोन जागरणं होतात, आणि सगळं एकदम उघडं पडतं. पोटाच्या तक्रारी का, तर आतड्याला रक्त कमी आणि यकृत तुंबलेलं. माझं 'पित्त' ते हे होतं.

हे माझ्या एकट्याच्या अनुभवावरून सांगत नाही. चार्म नावाच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हार्ट फेल्युअरचे साडेसात हजारांवर रुग्ण होते. त्यातल्या चाळिशीच्या आतल्यांचं वेगळं विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झालं. तरुणांमध्ये फुप्फुसातली घरघर आणि पायांची सूज कमी, तिसरा ठोका आणि सुजलेलं यकृत जास्त. मृत्यूचं प्रमाण वयस्करांपेक्षा कमी, ही चांगली बातमी. पण गोळ्या वेळेवर न घेण्यात आणि पथ्य मोडण्यात तरुण पुढे. या शेवटच्या वाक्याकडे मी परत येणार आहे.

आपल्या देशात तर हे वय आणखी खाली सरकतं. तिरुवनंतपुरमला २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचं सरासरी वय ६१ च्या आसपास होतं. अमेरिकेतल्या अशाच मोठ्या नोंदीत ते ७२ आहे. म्हणजे आपल्याकडे हा आजार दहा वर्षं आधी येतो, आणि सरासरी ६१ असेल तर त्यात चाळिशीच्या आतलेही आलेच.

कारणंही निराळी. म्हाताऱ्यांमध्ये जुना अटॅक, बीपी. तरुणांमध्ये हृदयाच्या स्नायूचाच आजार, कधी घराण्यातून आलेला, कधी विषाणूच्या तापानंतर स्नायूला आलेली सूज. थायरॉइड. सतत फार वेगाने चालणारी नाडी, जी ताब्यात आणली की हृदय पूर्ववत होऊ शकतं. लहानपणी कॅन्सरसाठी घेतलेली काही औषधं. दारू आहेच, आणि हल्ली जिममधली शरीर फुगवणारी इंजेक्शनं. तुमच्या मुलांच्या खोलीतले पावडरीचे डबे एकदा उघडून वाचा.

बायकांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण आता आपल्या लेकीसुनांची बाळंतपणं सुरू झाली आहेत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत, आधी पूर्ण निरोगी असलेल्या बाईचं हृदय अचानक थकू शकतं. रोज दिसणारा आजार नाही, पण मी दरवर्षी पाहतो. आणि दरवेळी घरातल्या कोणीतरी म्हटलेलं असतं, "बाळंतिणीला असं होतंच." पाय सुजतात, होतंच. थकवा येतो, होतंच. धाप लागते, रक्त कमी असेल. बाळंतीण सव्वा महिन्याची झाली तरी तीन उशा लावून बसून झोपत असेल, तर ते 'होतंच' नाही. एको करा. पंधरा-वीस मिनिटांची तपासणी आहे, सुई नाही की काही नाही. वेळेवर कळलं तर यातल्या अनेक जणी सहा महिन्यांत बऱ्यापैकी सावरतात. पुढच्या बाळाचा विचार मात्र हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय करायचा नाही. सासूने आग्रह केला तरी नाही, आणि इथे बऱ्याच जणी आता सासू आहेत म्हणून मुद्दाम सांगतो.

दुसरं कारण झडपेचं. आपल्या वर्गात एक मुलगी दर तीन आठवड्यांनी इंजेक्शनसाठी अर्धा दिवस रजा घ्यायची आणि आपल्याला तिचा हेवा वाटायचा. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग एकेक सांधा सुजतो. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र वण राहतो. पेनिसिलिनचं ते इंजेक्शन तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून असतं. झडप आकसली आणि बाई गरोदर राहिली की शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं, ते त्या अरुंद दारातून जाईना की फुप्फुसात पाणी. आपल्या मैत्रिणीचं तसंच झालं, पहिल्या खेपेला, सातव्या महिन्यात. जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी केली. ती आज समोर बसली आहे, दोन मुलांची आई, आणि मघाशी फुगडी घालत होती. बाई, तुम्ही तेव्हा तिची एकही रजा अडवली नाहीत. ती इंजेक्शनं चुकली असती तर तिची झडप याहून फार वाईट झाली असती. तुमच्या लक्षातही नसेल.

आता पुन्हा आपल्या मित्राकडे.

दहा दिवसांत तो उठून बसला. लॅसिक्स, ड्रिप, मग कार्व्हेडिलॉल, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन. तरुण हृदयाची ही दुसरी बाजू, ते थकतं गुपचूप, पण सावरतंही म्हाताऱ्या हृदयापेक्षा जास्त. सहा महिन्यांत पंपिंग ३८. २००९ च्या पावसाळ्यात ५२. मी तो एको त्याच्यासमोर केला, पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हटलं, "गड्या, नॉर्मल!" त्याने मला मिठी मारली. आम्ही खाली जाऊन मिसळ खाल्ली.

मी 'गोळ्या बंद कर' असं म्हटलं नव्हतं. कागदावर त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या होत्या. पण त्याने कागद वाचला नाही, माझा शब्द ऐकला. नॉर्मल माणूस रोज सात गोळ्या का घेईल? दिवाळीपासून त्याने त्या बंद केल्या. घरात सांगितलं नाही, डबा रोज उघडून ठेवायचा. बरं वाटत होतं. खरोखरच बरं वाटत असणार, ते उसनवारीचं गणित पुन्हा सुरू झालं होतं. २०१० च्या मार्चमध्ये त्याला ताप आला, तिसऱ्या दिवशी धाप, आणि साताऱ्याला आणताना भुईंजच्या पुढे तो गेला. वय ३६.

बरी झालेली हृदयं औषधं थांबवल्यावर बरी राहतात का, हे तेव्हा आम्हा डॉक्टरांनाही ठामपणे ठाऊक नव्हतं. लंडनमध्ये त्याची नीट परीक्षा झाली, निकाल २०१८ साली आला. पूर्ण सावरलेल्या ५१ जणांपैकी २५ जणांची औषधं देखरेखीखाली हळूहळू थांबवली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार परतला. ज्यांनी औषधं चालू ठेवली त्यांच्यातल्या एकाचाही परतला नाही. त्यानंतर मी 'नॉर्मल' हा शब्द त्या पेशंटसमोर वापरणं सोडलं. मी म्हणतो, "औषधांनी हृदयाला सावरून धरलंय." काहींचं तोंड उतरतं. उतरू दे. हा अभ्यास आठ वर्षं उशिरा आला ही माझी सबब नाही. डबा मोजायला मी सांगू शकलो असतो. वहिनी म्हणतात, तुम्ही स्वतःला फार लावून घेता. पण फोनवरचं पित्त माझं आणि 'नॉर्मल'ही माझंच.

आता जिवंत माणसांबद्दल. कारण सापडत नाही असा स्नायूचा आजार तरुण माणसात निघाला, तर त्याच्या आईवडिलांचा, भावंडांचा, मुलांचा एको करायचा असतो, त्रास असो वा नसो. एकदा चांगला आला म्हणून सुटका नाही, काही वर्षांनी पुन्हा. यातले बरेच आजार रक्तातून उतरतात, पण विशी-तिशीपर्यंत दडून बसतात. २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांसह अनेकांनी मिळून एक शोध प्रसिद्ध केला. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात असा बदल असतो, जो सुमारे ४ टक्के भारतीयांत आहे आणि ज्यामुळे हृदयाचा स्नायू बिघडण्याचा धोका वाढतो. चार टक्के म्हणजे आपल्या पन्नास जणांच्या वर्गात दोघे. बदल असला म्हणजे आजार होतोच असं नाही. आपल्या मित्राला हेच होतं असंही मी म्हणत नाही, त्याची तपासणी झालेली नव्हती.

त्याच्या मुलीचा एको आम्ही ती सहा वर्षांची असताना केला, उत्तम. मग दर तीन वर्षांनी. २०२१ मध्ये, ती सतरा वर्षांची असताना, पंपिंग ४२ आलं. तिला काहीही होत नव्हतं. त्या वर्षी तिने तायक्वांदोत जिल्ह्याचं बक्षीस आणलं होतं. वहिनी रिपोर्ट हातात घेऊन माझ्या बाकावर अर्धा तास गप्प बसल्या. गोळ्या सुरू केल्या, स्पर्धा थांबवल्या, त्यावरून तिने माझ्याशी दोन महिने अबोला धरला. आता ती इंजिनीअरिंगला आहे, पंपिंग ५० च्या वर आहे, आणि मी तिला काय म्हणत नाही ते तुम्हाला कळलं असेल. तिच्या फोनवर सकाळी आठला गजर होतो, त्याचं नाव तिने 'बाबा' ठेवलंय.

राहिला त्याचा धाकटा भाऊ. आपल्या मागच्या तिसऱ्या बॅचचा, आज जेवणाची सगळी व्यवस्था त्यानेच बघितली आहे आणि आत्ता तो मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभा आहे. २०१६ नंतर त्याने एको केलेला नाही. तीनदा तारीख घेतली, तीनदा दुकानात माल आला होता. माइकचा आवाज आत जातोय ना? मंगळवारी सकाळी साडेनऊला मी वाट बघतोय. उपाशी यायची गरज नाही.